'कंपोस्टेबल' हा शिक्का नेमकं काय सांगतो? घरगुती आणि औद्योगिक प्रमाणपत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या मागे खताचे चार हौद आहेत आणि गेली अकरा वर्षं त्यांचं काम मी पाहते. खत चाळायला बसलं की चाळणीवर ठरलेल्या गोष्टी उरतात: आंब्याच्या कोयी, करवंटीचे तुकडे, एखादा हरवलेला चमचा. अलीकडे त्यांत हिरव्या पिशव्यांच्या चिंध्यांची भर पडली आहे. सहा-आठ महिने हौदात राहूनही त्यांच्यावरची '१०० टक्के कंपोस्टेबल' ही अक्षरं वाचता येतात. त्या चिंध्या पाहून शेजारीपाजारी, बचत गटातल्या बायका आणि एकदोन लहान उत्पादकांनी मला जे विचारलं, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी मी गच्चीतल्या खताच्या बादलीत टाकू का?

भारतात मिळणारी पिशवी असेल तर बहुतेक वेळा नको. भारतात हा शिक्का ज्या मानकावर मिळतो, ते मानक मोठ्या, तापलेल्या ढिगासाठी लिहिलेलं आहे. त्या ढिगात पिशवी काही आठवड्यांत विरून जाईल, तुमच्या बादलीत तीच वर्षभर तशीच पडून राहील. दोन्ही ठिकाणी पिशवी तीच आणि शिक्काही खराच. म्हणून 'कंपोस्टेबल' हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे?

औद्योगिक कंपोस्ट म्हणजे काय? तिथे यंत्रं तापवतात का?

बाहेरून कोणी तापवत नाही. उष्णता सूक्ष्मजीव स्वतःच तयार करतात. हिवाळ्यात सकाळी गावाकडे उकिरडा उकरला की आतून वाफा निघतात, तोच हा प्रकार. पालिकेच्या किंवा खासगी खत प्रकल्पात ओल्या कचऱ्याचे माणसाच्या उंचीचे लांबच लांब ढीग लावतात, ठरावीक दिवसांनी ते यंत्राने उलथतात आणि त्यांतला ओलावा सांभाळतात. अशा ढिगाचं पोट ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातं आणि कित्येक दिवस तसंच राहतं.

वीस लिटरच्या बादलीत हे होत नाही, कारण माल थोडा असतो आणि चारही बाजूंनी उष्णता निघून जाते. ताजा कचरा आणि ताक घातल्यावर दोन दिवस बादली कोमट लागते, मग पुन्हा खोलीच्या तापमानावर येते. भाजीचे देठ, साली आणि चहाचा चोथा यांना तेवढं पुरतं. बऱ्याच कंपोस्टेबल प्लास्टिकला पुरत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो. मग उष्णतेची काय कमी?

हा प्रश्न मला नागपूरच्या एका मावशींनी विचारला होता आणि तो अगदी रास्त आहे. अडचण अशी की उन्हाने बादली तापते तशीच वाळतेही. ओलावा गेला की सूक्ष्मजीवांचं काम थांबतं. शिवाय रात्री तापमान उतरतं, आणि या प्लास्टिकला लागते ती आठवडेच्या आठवडे टिकणारी, दमट, हवा खेळती असलेली उष्णता. वैशाखातल्या गच्चीवर उष्णता भरपूर असली तरी बाकीचं काहीच नसतं.

प्रमाणपत्र देण्याआधी काय तपासतात?

थोडं सविस्तर सांगते, कारण लोकांना वाटतं की पिशवी मातीत पुरतात आणि नाहीशी झाली की झालं.

जगभरातली औद्योगिक कंपोस्टची मानकं जवळपास एकाच साच्यातली आहेत. युरोपचं ईएन १३४३२, अमेरिकेचं एएसटीएम डी६४००, आंतरराष्ट्रीय आयएसओ १७०८८ आणि त्यावरूनच घेतलेलं आपलं आयएस/आयएसओ १७०८८. या सगळ्यांत चार गोष्टी पाहतात.

पहिली, जैवविघटन. पदार्थाचे बारीक कण मुरलेल्या खतात मिसळून बंद भांड्यात ५८ अंशांच्या आसपास ठेवतात. भांड्यातून हवा सोडत राहतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतात. पदार्थातल्या कार्बनपैकी किती भाग सूक्ष्मजीवांनी खरोखर पचवला, हे त्या आकड्यावरून कळतं. १८० दिवसांच्या आत तो ९० टक्क्यांना पोचायला हवा. शेजारच्या भांड्यात तुलनेसाठी शुद्ध सेल्युलोज ठेवलेलं असतं. ४५ दिवसांत त्याचंच ७० टक्के विघटन झालं नाही, तर चाचणीतलं खत निकामी समजून सगळी चाचणी रद्द होते. ही अट मला फार आवडते: पदार्थाला नापास करण्याआधी प्रयोगशाळा स्वतःचं खत तपासून घेते.

दुसरी, तुकडे होणं. इथे कण घेत नाहीत, प्रत्यक्ष वस्तू जशीच्या तशी खऱ्या कचऱ्यात घालतात. १२ आठवड्यांनी तो माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त माल चाळणीवर राहिला तर वस्तू नापास. जाडी इथे कळीची ठरते. २० मायक्रॉनची पिशवी पास झाली म्हणून त्याच मालाचा जाड चमचा पास होईलच असं नाही. प्रमाणपत्र तपासलेल्या जाडीपर्यंतच चालतं.

तिसरी, जड धातू. ईएन १३४३२ मध्ये शिसं किलोमागे ५० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.५ मिलिग्रॅम यांच्या आत हवं. जस्त, तांबं, निकेल, पारा, आर्सेनिक, फ्लोरिन यांनाही मर्यादा आहेत. छपाईच्या शाईवर बरेच उत्पादक इथेच अडकतात.

चौथी, झाडांची चाचणी. जे खत तयार झालं त्यात दोन प्रकारचं बी पेरतात. उगवण आणि वाढ साध्या खतातल्या रोपांच्या किमान ९० टक्के असावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या मानकात यापुढे जाऊन गांडुळांवर काय परिणाम होतो तेही पाहतात.

या चारांतली एखादीच चाचणी दाखवून कोणी माल विकत असेल, तर तुमच्या हातात प्रमाणपत्राचा तुकडाच आहे असं समजा.

९० टक्केच का? उरलेले १० टक्के प्लास्टिक मातीत जातं का?

सरसकट तसं नाही. सूक्ष्मजीव जे खातात ते सगळंच श्वासातून बाहेर टाकत नाहीत. काही कार्बन त्यांच्या शरीरात जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापात दिसत नाही. ९० टक्के मोजले गेले म्हणजे जवळपास सगळं पचलं, असं त्यामागचं गणित आहे. पण ते त्या तापमानाला आणि तेवढ्या दिवसांत. अर्धवट कुजलेला माल चाळून विकला, तर बारीक तुकडे शेतात जाणारच.

घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र कसं वेगळं?

तापमान आणि मुदत, दोन्ही बदलतात. चाचणी २० ते ३० अंशांत होते. तुकडे होण्यासाठी सहा महिने आणि ९० टक्के जैवविघटनासाठी बारा महिने मिळतात. कमी तापमानात कुजणं अवघड असतं, त्यामुळे ही परीक्षा जास्त कठीण आहे.

या प्रकारची सगळ्यांत ओळखीची खूण म्हणजे 'ओके कंपोस्ट होम'. ती बेल्जियमच्या विन्सॉट या संस्थेने सुरू केली आणि २०१७ च्या अखेरीपासून ती ट्यूव ऑस्ट्रिया देते. त्याच संस्थेची 'ओके कंपोस्ट इंडस्ट्रियल' अशीही खूण आहे. दोन्ही चित्रं सारखीच दिसतात, म्हणून खालचा शब्द वाचल्याशिवाय वस्तू बादलीत टाकू नका. ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये एएस ५८१० आणि फ्रान्सने २०१५ मध्ये एनएफ टी५१-८०० ही घरगुती मानकं आणली. फ्रान्सने तर २०२२ पासून फळांवर थेट चिकटवायच्या लेबलांनाही घरगुती कंपोस्टेबल असण्याची अट घातली. सफरचंदावरचं ते चिमुकलं लेबल मीही शेकडो वेळा खतातून वेचलं आहे, म्हणून हा नियम वाचून फार बरं वाटलं.

म्हणजे 'होम'ची खूण असली की निर्धास्त?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या सामान्य लोकांना त्यांच्या परसातल्या कंपोस्टमध्ये अशा वस्तू टाकून पाहायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. घरगुती कंपोस्टचं प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंपैकीही ६० टक्के पूर्ण विरल्या नव्हत्या. प्रयोगशाळेत ओलावा, हवा आणि कचऱ्यातलं नत्राचं प्रमाण कोणीतरी सांभाळत असतं. घरी आपण आठ दिवस गावाला जातो आणि बादली सुकते, किंवा पावसात झाकण उघडं राहून चिखल होतो.

भारतात प्रमाणपत्र कोण देतं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे सीपीसीबी. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टेबल प्लास्टिकच्या पिशव्यांना जाडीची अट लागू नाही, पण त्या आयएस १७०८८ मध्ये बसायला हव्यात आणि बाजारात आणण्याआधी सीपीसीबीचं प्रमाणपत्र हवं. पिशवीवर 'कंपोस्टेबल' असं छापणंही नियमात आहे.

हा विषय तापला तो २०२१ नंतर. त्या वर्षीच्या दुरुस्तीने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. साध्या पिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. कंपोस्टेबल प्लास्टिक या बंदीतून वगळलं गेलं. तेव्हापासून बाजारात हिरव्या पिशव्यांचा पूर आला. त्यांतल्या खऱ्या किती, हे नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही.

महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी कंपोस्टेबलला लागू आहे का?

राज्याची बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली आणि ती केंद्राच्या नियमांहून कडक होती. तेव्हा कंपोस्टेबल पिशव्यांना रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणी अशा मोजक्याच कामांसाठी मुभा होती. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. त्यामुळे केंद्राचं प्रमाणपत्र असलं तरी राज्याची चालू अधिसूचना वेगळी पाहावीच लागते. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० व तीन महिन्यांपर्यंत कैद. ठोक विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवून भाजीवाल्या ताई पिशव्या घेतात आणि पावती त्यांच्या नावाने फाटते. हे मी आमच्या मंडईत पाहिलं आहे आणि मला ते अजून सलतं.

बायोडिग्रेडेबल, ऑक्सो आणि कंपोस्टेबल यांत फरक काय?

'बायोडिग्रेडेबल' म्हणजे कधीतरी, कुठेतरी कुजेल. मुदत आणि जागा सांगितली नसेल तर या शब्दाला अर्थ नाही. 'ऑक्सो' म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये रसायन घालून ऊन-हवेने त्याचे तुकडे पडतील अशी सोय. ते पचतं कमी आणि तुटतं जास्त. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा वस्तूंवर बंदी घातली. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठात वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं मातीत आणि समुद्रात ठेवल्या होत्या. तीन वर्षांनीही 'बायोडिग्रेडेबल' पिशवीत बाजारहाट उचलता येत होता. त्याच अभ्यासातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनीही होती.

पिशवी मक्याची आहे म्हणतात. मका तर कुजतोच ना?

कशापासून बनली आणि कशी कुजते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून पीएलए नावाचं प्लास्टिक बनतं. साधारण ६० अंशांच्या खाली ते काचेसारखं घट्ट असतं, पाणी त्याच्या साखळ्या सहज तोडू शकत नाही आणि सूक्ष्मजीवांना त्यात तोंड घालता येत नाही. म्हणून पीएलए बादलीत जसंच्या तसं राहतं. उलट पीबीएट हे प्लास्टिक मुख्यतः खनिज तेलापासून बनतं आणि तरी कुजतं. हिरव्या पिशव्या बहुधा पीबीएट आणि स्टार्च किंवा पीएलए यांच्या मिश्रणाच्या असतात. पिशवीवर मक्याचं कणीस छापलेलं दिसलं म्हणून आत काय आहे ते कळत नाही.

पत्रावळी, द्रोण, केळीची पानं यांनाही प्रमाणपत्र लागतं का?

पळसाच्या पत्रावळीला वर सांगितलेलं प्लास्टिकचं प्रमाणपत्र लागत नाही, कारण ती प्लास्टिकच नाही. काडीने टाचलेली पत्रावळ आमच्या हौदात पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात ओळखू येत नाही. मात्र हल्ली पत्रावळीच्या खाली किंवा वर पातळ प्लास्टिकचा थर दाबतात. पान सोलून पाहा, पापुद्रा निघाला तर ती खतात नको.

उसाच्या चिपाडाच्या ताटल्यांचं तसं नाही. त्या कुजतात, पण तेलाचा डाग पडू नये म्हणून काही उत्पादक त्यांत फ्लोरिनयुक्त रसायनं घालत आले आहेत, आणि ती मातीत टिकून राहतात. म्हणून अमेरिकेची बीपीआय ही प्रमाणन संस्था २०२० पासून एकूण फ्लोरिन दशलक्ष भागांत १०० च्या आत असल्याशिवाय खूण देत नाही.

आणि कुजतं म्हणजे जेवायला सुरक्षित, असंही नाही. कोकणात आणि गोव्यात पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद देठापासून सुंदर ताटं बनतात. सुपारीतली अल्कलॉइड अन्नात उतरू शकतात या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तिथे ही भांडी विकू नयेत असं कळवलं. निर्यात करणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं.

चहाचा कागदी कप?

नको. आतून पॉलिथिनचा थर असतो. पीएलएचा थर असलेला कपही मोठ्या ढिगाचाच.

पालिकेच्या ओल्या कचऱ्यात कंपोस्टेबल पिशवी दिली तर ती योग्य जागी पोचेल का?

इथे मला सर्वांत जास्त तळमळ वाटते. प्रमाणपत्र म्हणतं 'औद्योगिक कंपोस्ट', पण आपली बादली रिकामी करणाऱ्या ताईंना ती पिशवी साध्या पिशवीपासून वेगळी ओळखता येत नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारोदार कचरा घेतात. ओला कचरा पिशवीशिवाय मोकळा द्यावा, हेच त्यांच्या हातांसाठी बरं. पुढे प्रकल्पात फिरत्या चाळणीवर पिशव्या अडकतात आणि सगळ्या एकत्रच बाजूला पडतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी खताचा किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवा, त्यामुळे प्रकल्पवाले चिंधी दिसली की काढणारच.

शिवाय अनेक शहरांत ओला कचरा खताऐवजी गॅससाठी जातो. इंदूरचा रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. अशा बंद टाकीत हवा नसते, आणि ५८ अंशांच्या हवेशीर ढिगाचं प्रमाणपत्र तिथे लागू पडत नाही.

मात्र हे जमू शकतं, हे मिलानने दाखवलं आहे. तिथे २०१२ ते २०१४ या काळात सगळ्या शहरात स्वयंपाकघरातला कचरा कंपोस्टेबल पिशवीतून वेगळा घ्यायला सुरुवात झाली. इटलीत साध्या पातळ पिशव्यांवर आधीच बंदी होती, त्यामुळे घराघरांत येणारी पिशवी एकाच जातीची होती आणि प्रकल्पही तिच्यासाठी तयार होता. आधी साखळी उभी राहिली, म्हणून तिथे शिक्क्याला अर्थ आला.

आमचा छोटा उद्योग आहे. प्रमाणपत्रासाठी काय तयारी करावी?

आधी ठरवा की तुमचा माल वापरानंतर कुठे जाणार आहे. मग मानक निवडा. कच्चा दाणा आधीच प्रमाणित असेल तर बरीच वाट सोपी होते, पण शाई, गोंद आणि रंग तुमचे स्वतःचे असतात. युरोपीय मानकात १ टक्क्याहून कमी प्रमाणात असलेल्या घटकांना वेगळ्या जैवविघटन चाचणीतून सूट आहे, पण असे सगळे मिळून ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. चाचणीलाच सहा महिने लागू शकतात, हे दिवाळीच्या ऑर्डरी घेण्याआधी लक्षात ठेवा. सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक तंत्रज्ञानाची संस्था) मान्य प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन सीपीसीबीकडे अर्ज करायचा असतो. पुढे रंग किंवा जाडी बदललीत तर जुनं प्रमाणपत्र आपोआप नव्या मालाला लागत नाही.

प्रमाणपत्र खरं आहे का, कसं पाहायचं?

पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. सीपीसीबीच्या संकेतस्थळावर प्रमाणित उत्पादकांची यादी असते, तिच्याशी ताडून पाहा. ट्यूव ऑस्ट्रियाच्या खुणेखाली 'एस' ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तोही शोधता येतो. एकदा एका विक्रेत्याने मला चकचकीत प्रमाणपत्र दाखवलं होतं. क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्याच कारखान्याचा होता.

घरच्या घरी चाचणी करता येते का?

तुकडे होतात का, एवढं नक्की पाहता येतं. कांद्याच्या जाळीदार पिशवीत तीन गोष्टी घाला: वस्तूचा तळहाताएवढा तुकडा, तेवढाच वर्तमानपत्राचा कागद आणि पिंपळाचं एक पान. जाळी कचऱ्याच्या मधोमध पुरा, तारीख लिहा आणि दर महिन्याला उघडून फोटो काढा. कागद नाहीसा झाला आणि तुकडा तसाच राहिला, तर दोष वस्तूचा. कागदही तसाच असेल तर तुमची बादली कोरडी पडली आहे. तुकडा दिसेनासा झाला म्हणजे तो पचला, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

गांडूळ खतात चालेल का?

औद्योगिक खूण असलेलं अजिबात नको. पस्तीस अंशांच्या पुढे गांडुळांना त्रास होऊ लागतो, म्हणजे तो ढीग आपण मुद्दामच थंड ठेवतो.

चाळणीवर उरलेल्या कंपोस्टेबल चिंध्यांचं काय करायचं?

प्लास्टिकच्या भंगारात देऊ नका, कारण पीएलए पाण्याच्या बाटल्यांच्या मालात मिसळलं तर तो माल बिघडतो. पुन्हा हौदात घातल्याने फार फरक पडत नाही, मी दोनदा करून पाहिलं आहे. मी त्या धुऊन, वाळवून एका कागदी पुडीत ठेवते आणि सुक्या कचऱ्याच्या दिवशी ताईंच्या हातात देताना सांगते की हे विकलं जाणार नाही. आमच्या इमारतीत आता ओल्या कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घालतात. गेल्या वेळी चाळायला बसले तेव्हा चाळणीवर चारच चिंध्या निघाल्या.